‘हुबेहूब तसंच’ करून देणाऱ्या कारागिराबद्दल

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ४३ वर्षांची आहे, नोकरी करते. कार्तिए या पॅरिसच्या दागिन्यांच्या घराण्याचं ते स्क्रूचं कडं, ‘लव्ह ब्रेसलेट’, मला कॉलेज संपल्यापासून हवंय. आता पहिल्यांदाच ते स्वतःच्या पैशाने घेता येईल अशी वेळ आलीये, तर घरात रोज यावरून चर्चा. नवरा म्हणतो, तू सोनं घेत नाहीयेस, नाव घेतेयस. थोरली बहीण म्हणते, तेवढ्याच पैशात बिननावाचं कितीतरी जास्त सोनं येईल, वर एक चांगला नीलमही. नणंदेच्या ओळखीचे एक कारागीर आहेत. त्यांनी फोटो बघून सांगितलं, हुबेहूब तसंच करून देतो, वजनाला जास्तच भरेल. हा मधला मार्ग सगळ्यांना पटलाय. मला का पटत नाही ते मलाच सांगता येत नाहीये. मी नावाला भुललेय का? की ‘ही गुंतवणूक आहे’ असं म्हणून सगळ्यांची तोंडं बंद करू? आणि शेवटचं, घेतलंच तर पांढऱ्या सोन्यात घेऊ की पिवळ्या?
– गोंधळलेली

उत्तर :

गोंधळलेल्या ताई,

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं खरं आहे. बहिणीचंही खरं आहे. चुकतोय तो सगळ्यांना पटलेला मधला मार्ग, आणि तो न पटणाऱ्या एकट्या तुम्ही आहात. म्हणजे गोंधळ तुमचा नाहीये, फक्त कारण सापडत नाहीये. ते आपण शोधू.

आधी माझा कल सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तेवढी वजावट करता येईल. मला बिननावाचे दागिने आवडतात. माझ्याकडे कुठल्याही मोठ्या घराण्याचा एकही दागिना नाही आणि त्याची खंतही नाही. एखाद्या कारागिराने मन लावून केलेली अंगठी, जिच्यावर शुद्धतेच्या शिक्क्यापलीकडे काही कोरलेलं नाही, ती मी पाच मिनिटं उलटीसुलटी करून बघत बसेन. नावाच्या कड्याकडे तेवढा वेळ बघणार नाही. पण हात तुमचा आहे, माझा नाही. शिवाय बिननावाचे दागिने आवडणारे आम्ही लोक अनेकदा उगाच नाक वर करून फिरतो, जणू साधेपणाचं कंत्राट आम्हालाच मिळालंय.

नवऱ्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करू. ते कडं १८ कॅरेटचं, म्हणजे शंभरात ७५ भाग सोनं. बाकीचे २५ भाग चांदी, तांबं वगैरे. त्यावर ७५० असा आकडा असतो तो याचसाठी. हाच आकडा बिननावाच्या १८ कॅरेटच्या कड्यावरही असतो आणि मुशीत घातल्यावर दोन्ही सोनी सारखीच वितळतात. कार्तिएचं सोनं जास्त सोनं नसतं. किमतीतला उरलेला मोठा हिस्सा दुकानाचं भाडं, जाहिरात, डबी, पुढची देखभाल आणि अर्थातच त्या नावाचा. हे सगळं मान्य करून टाका. वाद घालू नका, हरणार आहात.

आणि नाव खनिजाचा स्वभावही बदलत नाही. व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या दुसऱ्या मोठ्या घराण्याची चार पाकळ्यांची ‘अलहांब्रा’ माळ १९६८ पासून लोकांच्या गळ्यात आहे. ती मॅलाकाइट या हिरव्या खड्यातही मिळते. मॅलाकाइटची कठीणता मोसच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर साडेतीन ते चार. नीलम ९, हिरा १०. त्या हिरव्या पाकळीवर ओरखडा पडायचा तर पडतोच, मागे कोणाची सही आहे हे धूळ विचारत नाही.

आता दुसरी बाजू, जी तुमच्या घरात कोणी मांडलेली दिसत नाही. तुम्हाला ‘एक छान सोन्याचं कडं’ नकोय. तसं हवं असतं तर इतक्या वर्षांत कधीच घेऊन मोकळ्या झाला असतात. तुम्हाला हे कडं हवंय, आणि ही एका माणसाची कल्पना आहे. आल्दो चिपुल्लो नावाच्या इटालियन कलाकाराने १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती काढली. कडं एरवी आपण घालतो, काढतो, विसरतो. त्याने ते दोन अर्धांत कापलं, गोल न ठेवता मनगटासारखं लंबगोल केलं आणि दोन्ही अर्ध स्क्रूने जोडले. एकटीला ते नीट घालताच येत नाही, दुसऱ्याचा हात आणि छोटा स्क्रूड्रायव्हर लागतो. बरं, जे लपवायची दागिन्यांत पद्धत होती, तो स्क्रू, तीच त्याने नक्षी केली. दोन वर्षांनी, १९७१ मध्ये, याच माणसाने साधा खिळा वाकवून मनगटाभोवती फिरवला. हार्डवेअरच्या दुकानातल्या वस्तू त्याने सोन्यात आणल्या आणि त्या हास्यास्पद दिसल्या नाहीत. ते सोपं नाही. पन्नासहून जास्त वर्षं एखादा आकार टिकतो तेव्हा तो सगळाच जाहिरातीच्या जोरावर टिकलेला नसतो. त्या कल्पनेचे पैसे द्यावेसे वाटणं याला मी भुलणं म्हणणार नाही.

भुलणं कशाला म्हणेन तेही सांगते. कडं दिसायला कसंही असलं तरी चाललं असतं, फक्त ते कार्तिएचं आहे हे समोरच्याला कळायला हवं, असं मनात असेल तर. तुमच्या पत्रात तसं काही जाणवलं नाही. तुम्ही त्याला आधी ‘ते स्क्रूचं कडं’ म्हटलंय. तरी एकदा स्वतःला विचारून बघा, हे कडं ओळखणारं कोणीच आजूबाजूला नसेल तर ते घालाल का? उत्तर हो आलं तर विषय संपला.

एक गोष्ट मात्र नवरा आणि तुम्ही, दोघंही धरून चाललाय. एकीकडे नाव, दुसरीकडे बिननावाचं काम, आणि मध्ये भिंत. प्रत्यक्षात ती भिंत बरीच सच्छिद्र आहे. फ्रान्समध्ये शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकोनात कारखानदाराचा छोटा शिक्का उमटवायची पद्धत आहे. १८ कॅरेटसाठी गरुडाच्या डोक्याचा शिक्का वेगळा, तो १८३८ पासूनचा. कित्येक जुन्या दागिन्यांवर बाहेर मोठ्या घराण्याची सही आणि आत कोपऱ्यात त्या चौकोनात दुसऱ्याच कारखान्याची अक्षरं सापडतात. पॅरिसचा जॉर्ज लाँफाँचा कारखाना असाच. सोन्याच्या साखळ्या विणाव्यात त्यांनीच, आणि त्या कार्तिए, एर्मेस अशा घराण्यांच्या नावाने विकल्या जायच्या. म्हणजे नावाच्या दागिन्यातही बऱ्याचदा काम बिननावाच्या हातांचंच असतं. उलट उदाहरण स्युझान बेलपेराँचं. विसाव्या शतकातली मोठी दागिनेकार, पण तिने आपल्या दागिन्यांवर सही केली नाही. माझी शैली हीच माझी सही, असं तिचं म्हणणं. विंडसरची डचेस, म्हणजे इंग्लंडची गादी सोडलेल्या आठव्या एडवर्डची बायको, तिची गिऱ्हाईक होती. आज तिचे ते बिनसहीचे दागिने लिलावात येतात तेव्हा जाणकार जुन्या नोंदी आणि कारखान्याचे शिक्के शोधत बसतात, तो दागिना तिचाच आहे हे ठरवायला. सही नसलेल्या वस्तूचं नाव शोधण्यासाठी एवढी धडपड! मला हे भारी आवडतं.

तर, नावाचं घ्या किंवा बिननावाचं घ्या, दोन्हीत राम आहे. तुम्हाला मी ठामपणे अडवणार आहे ते तिसऱ्या पर्यायापासून, म्हणजे ‘हुबेहूब तसंच’पासून.

आधी व्यवहाराचं. फोटोवरून आकार घेता येतो, आतलं काम घेता येत नाही. त्या कड्याची गंमत आहे सांध्यात. दोन अर्ध एकमेकांत असे बसले पाहिजेत की सांध्यावरून नख फिरवलं तरी जेमतेम लागावं. आणि स्क्रू सोन्याचाच, सोन्याच्याच आट्यांत फिरणारा. सोनं मऊ. आटे जरा सैल कापले गेले तर स्क्रू महिन्याभरात आपोआप फिरायला लागतो. जरा घट्ट झाले तर दोनदा काढल्या-घातल्यावर आटे झिजतात आणि मग तो धरतच नाही. हे काम यंत्राच्या अचूकपणाचं आहे. एरवी हाताने अप्रतिम काम करणाऱ्या माणसालाही ते पहिल्याच फटक्यात जमेल असं नाही, आणि तो शिकणार तुमच्या सोन्यावर. खुद्द अस्सल कड्याचे स्क्रूही अधूनमधून तपासून घट्ट करावे लागतात. ‘वजनाला जास्तच भरेल’ हे तर मला आश्वासनापेक्षा धोक्याची सूचना वाटते. वजन वाढलं म्हणजे पट्टी जाड झाली किंवा रुंद झाली. दोन्हीत मूळ प्रमाण गेलं. मग ते हुबेहूब कुठे राहिलं?

त्यावर कार्तिएची अक्षरंही कोरली तर तो सरळ बनावट माल. तो कारागीरही अडचणीत येईल आणि पुढे कधी विकायला काढलंत तर तुम्हीही. अक्षरं न कोरता केलं तरी मोडीत ते फक्त वजनावर जाईल. म्हणजे घडणावळ देऊन तुम्ही नाव मिळवलं नाहीत आणि स्वतःचं असं कामही मिळवलं नाहीत.

पण तुम्हाला खुपतंय ते बहुतेक हे नाहीच. कोणीतरी विचारणार, ‘अय्या, खरं आहे का?’ सोनं तर खरंच आहे, तेव्हा हो म्हणावं लागेल. आणि विचारणाऱ्याला सोन्याबद्दल विचारायचं नव्हतं हे तुम्हाला माहीत असेल, म्हणून नाही म्हणावं लागेल. इतकी वर्षं थांबून मिळवलेल्या वस्तूबद्दल दर वेळी असं अडखळायचं? त्यापेक्षा रिकामं मनगट बरं.

आणि त्या कारागिराचाही विचार करा. सांगणारी तुमची नणंद आहे, तेव्हा माणूस चांगलाच असणार. त्याच्याकडे जाऊन ‘दुसऱ्याचं करून दे’ म्हणणं म्हणजे उत्तम गवयाला बोलावून त्याला मोबाइलची रिंगटोन म्हणायला लावण्यासारखं आहे. त्याला त्याचं काही करायला सांगा. तुम्ही कधीतरी बहिणीच्या सल्ल्याकडे वळलात, नीलमाची अंगठी करायची ठरवलीत, तर याच माणसाकडे जा.

तसं गेलात तर काय बघायचं, तेही सांगते, कारण बिननावाच्या दागिन्यात तपासणी करणारं घराणं मागे उभं नसतं. ते काम तुमचं. अंगठी हातात आली की आधी उलटी करा. वरची बाजू सगळेच चकचकीत करतात. खड्याच्या खाली बघा. तिथली भोकं एकसारखी कापून, आतून घासून गुळगुळीत केलेली असतील, की ओतकामाचे खरखरीत कण तसेच राहिलेत? खड्याला धरणारी नखं एका उंचीची आहेत का? ती खड्याच्या कडेवर टेकलेली हवीत. नख आणि खडा यांच्यामध्ये फट दिसली तर तो खडा आज ना उद्या हलणार. एखादा जुना लोकरी मोजा घेऊन खड्यावरून हलकेच फिरवा. धागा अडकला तर नखाचं टोक नीट बसवलेलं नाही. रिंग जिथे जोडलीये तिथे डाखाचा वेगळा रंग दिसतोय का? खालची पट्टी, जी तळहाताकडे असते, ती वरच्यापेक्षा फार पातळ आहे का? वजन वाचवायचं असलं की तिथेच सोनं काढलं जातं, आणि झिजते ती नेमकी तिथेच. हे सगळं दहापट भिंगातून बघायला मागा. चांगला कारागीर स्वतःच भिंग पुढे करतो. कपाळाला आठी घालणाऱ्याकडून घेऊ नका.

नीलमाबद्दल एवढंच. बाजारातले बहुतेक नीलम रंग खुलावा म्हणून तापवलेले असतात. त्यात फसवणूक नाही, पण ते सांगितलं गेलं पाहिजे, कारण न तापवलेल्या चांगल्या नीलमाची किंमत फार वेगळी असते. खडा मोठा असेल तर स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागा. विकणाऱ्याने स्वतःच छापलेलं प्रमाणपत्र म्हणजे मुलाने स्वतःच भरलेलं प्रगतिपुस्तक.

गुंतवणुकीचं विचारलंय. नाही. हे कारण सांगू नका, खोटं पडेल. नावाचा दागिना पुन्हा विकताना वितळलेल्या सोन्यापेक्षा जास्त मिळू शकतं हे खरं, आणि हे कडं त्यातल्या त्यात चटकन खपणारं आहे. पण नव्याने दुकानातून घेतलेल्या किमतीच्या खाली जायची तयारी ठेवावीच लागते. बिननावाचा दागिना तर सोन्याच्या भावावर आणि खड्याच्या मिळेल त्या किमतीवर जातो, घडणावळ बुडाली. दागिना घालायला घ्यावा. पैसे वाढवायचे असतील तर त्याला दागिन्यांखेरीज बरेच मार्ग आहेत आणि त्यांतला एकही मनगटावर घालावा लागत नाही.

पैशाचा विचार तुम्हाला खरोखरच बोचत असेल तर वापरलेलं कडं बघा. हा पर्याय घरात कोणी काढलेला दिसत नाही. एका मालकिणीच्या हातून आलेलं, कागदपत्रं आणि डबी असलेलं कडं नव्यापेक्षा बरंच स्वस्त पडू शकतं, आणि तुमच्या पुढच्या ओरखड्यांची धास्तीही कमी होते, कारण पहिला ओरखडा कोणीतरी आधीच पाडलेला असतो. मात्र घेताना घाई नको. जुन्या बनावटीत स्क्रू पूर्ण बाहेर निघतात, नंतरच्या बनावटीत ते पट्टीतच अडकून राहतात, तेव्हा समोर कोणती बनावट आहे ते विचारून घ्या. आतल्या बाजूचा क्रमांक कागदांशी जुळला पाहिजे. मूळच्या साध्या कड्यात नंतर बाहेरून हिरे बसवून घेतलेले असतील तर सोडून द्या, कितीही सुंदर दिसलं तरी. बाहेरच्या हाताने बदल केलेले दागिने दुरुस्तीला घेताना घराणी खळखळ करतात आणि पुढचा गिऱ्हाईकही त्यावर भाव पाडतो. आणि विकणारा असा हवा की जो अस्सलपणाची लेखी हमी देतो आणि ती खोटी ठरली तर पैसे परत करतो. तोंडी हमीला काही किंमत नाही.

दुकानात जाल तेव्हा मनगट दुपारनंतर मोजा, सकाळी नको. हात दिवसभरात थोडा सुजतो, आणि हे कडं रोज काढून ठेवायचं नाहीये. एखाद्या शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा तपासणीला ते काढावंच लागेल, तेव्हा स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलाय हे घरात आणखी एकाला ठाऊक असू दे. तो एक म्हणजे नवराच असू दे. ‘नाव घेतेयस’ म्हणणाऱ्यानेच स्वतःच्या हाताने स्क्रू फिरवायला हवेत.

घरच्यांना काय सांगायचं? जे आहे ते. ‘मला हेच हवंय, महाग आहे, माझे पैसे आहेत.’ नणंदेला मात्र नीट सांगा. तिने आपुलकीने सुचवलंय, तेव्हा तिच्या कारागिराला नाकारलं असं तिला वाटायला नको. नीलमाची अंगठी पुढे कधी करायची झाली तर त्यांच्याकडेच जाऊ, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

राहिला रंग. पिवळ्यातच घ्या. पांढऱ्या सोन्यावर सहसा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो, तो घासून जातो आणि खालची किंचित पिवळसर-राखाडी झाक वर येते. मग पुन्हा मुलामा द्यायला न्यायचं. अंगठीला ते चालून जातं. चोवीस तास हातात असलेलं, टेबलाच्या कडेवर, कीबोर्डवर, गाडीच्या दारावर आपटणारं कडं मात्र कडांपासून आधी उघडं पडतं. पिवळं सोनं आतबाहेर एकच असतं, त्यावर ओरखडे पडले तरी खाली तोच रंग निघतो. पांढरंच मनापासून आवडत असेल तर घ्या, पण पॉलिशला फार वेळा देऊ नका. दर पॉलिशला सोन्याचा पातळ थर निघून जातो आणि त्या स्क्रूंच्या नक्षीच्या कडा बोथट होत जातात.